‘काका, मला वाचवा’ : शनिवारवाड्याची आख्यायिका आणि तिची भाषा

पुण्याचा शनिवारवाडा ‘झपाटलेला’ आहे, ही समजूत आता पुण्यापुरती राहिलेली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथल्या ज्या मराठी घरांतल्या कित्येकांनी वाडा डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो, त्या घरांतली मुलेही सांगतात की, पौर्णिमेच्या रात्री वाड्यात कोणीतरी धावते आणि ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते. काही ठिकाणी पौर्णिमेऐवजी अमावास्या असते. हाक मात्र बदलत नाही. भुताच्या बाकीच्या गोष्टींत तपशील सांगणाऱ्यागणिक पालटतात. इथे तीन शब्द जसेच्या तसे राहिले आहेत, आणि भाषेच्या अभ्यासकाला या आख्यायिकेत रस वाटावा तो याच कारणाने. भूत खरे की खोटे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न नाही. एका ऐतिहासिक खुनाचे भूत कसे झाले, आणि त्या घडणीत इतिहासाचे काय टिकले व काय गळले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आधी वास्तू. थोरल्या बाजीरावांनी वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवस शनिवार होते, असे आपण शाळेपासून वाचतो. (जिज्ञासू विद्यार्थी आजच्या दिनदर्शिकेने हिशेब करू लागला, तर त्याला दोन्ही दिवशी मंगळवार सापडेल. या तारखा जुन्या, ज्यूलियन गणनेच्या आहेत. त्या गणनेने शनिवारच येतो.) बांधकामाला १६,११० रुपये लागले, असा आकडा नेहमी दिला जातो. बुरूज नऊ, दरवाजे पाच : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. छत्रपतींखेरीज इतरांनी सबंध दगडी किल्ला बांधू नये म्हणून तसे झाले, अशी एक कथा आहे. उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांना हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे आजही दिसतात. आतली मजल्यांवर मजले चढवलेली इमारत मात्र प्रामुख्याने लाकडाची होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आता प्रसंग. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२मध्ये थेऊरला वारले आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. वय सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, थोड्याच महिन्यांत वाड्यातच नजरकैदेत पडले. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले होते. दुपारच्या सुमारास थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ हे त्यांचे पुढारी, आणि वाड्यातला तुळाजी पवार हा नोकर त्यांना सामील. नारायणराव धावत राघोबादादांच्या दालनात गेले, त्यांना मिठी मारली आणि जीव वाचवण्याची विनवणी केली. चापाजी टिळेकर नावाचा सेवक मालकाच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही मारले. पेशव्यांचे वय तेव्हा नुकतेच अठरा पूर्ण झाले होते. त्याच रात्री नदीकाठी गुपचूप दहन उरकण्यात आले. प्रेत ज्या दरवाजाने बाहेर नेले, त्या जांभूळ दरवाजाला पुढे नारायण दरवाजा हे नाव पडले.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि जवळपास पन्नास माणसांचा कटाशी संबंध ठरवला. त्यांत मुख्य दोषी म्हणून ज्याला पेशवेपद मिळाले होते त्याच पुरुषाचे नाव होते. देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे राघोबादादांना तोंडावर सांगून शास्त्री पुणे सोडून गेले, हे सर्वश्रुत आहे. पुढची राजकीय उलाढाल येथे थोडक्यात : नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, बारभाईंनी त्यांचा पक्ष उचलला, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि राघोबादादा गुजरातेकडे वळून इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५चा सुरतेचा तह आणि पहिले इंग्रज-मराठे युद्ध यांचा उगम त्या दुपारी आहे. आपल्यातल्या अनेक घराण्यांचे पूर्वज तेव्हा शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पदरी होते. त्या भांडणात कोणता पक्ष धरावा हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता.

हा सगळा प्रसंग समोर ठेवला की आख्यायिकेतल्या विसंगती चटकन दिसतात. खून दुपारी झाला, हाक मात्र रात्री ऐकू येते. त्रयोदशी म्हणजे पौर्णिमेला दोन दिवस कमी, तेव्हा पौर्णिमेच्या आवृत्तीत तिथीची थोडीफार आठवण उरली असेल. अमावास्येच्या आवृत्तीत तेवढीही नाही, ती भुतांच्या सर्वसाधारण वेळापत्रकातून आली आहे. शिवाय ज्या दालनांतून नारायणराव धावले, ती दालनेच आज नाहीत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि लाकडी इमारत जळून गेली. त्याआधी, नोव्हेंबर १८१७मध्ये वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले होते आणि कंपनी सरकारने वाड्यात तुरुंग, रुग्णालय अशा सोयी केल्या होत्या. आगीनंतर राहिले ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतली जोती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत उत्खनन होऊन ती जोती आणि कारंजी मोकळी झाली. आपण आज जे पाहतो ते हेच. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर धावणाऱ्या भुताला तेथे मजलाच नाही. वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. असा बंद दरवाजा आख्यायिकेला फार उपयोगी पडतो, हे मान्य केले पाहिजे.

पण विसंगती दाखवल्याने आख्यायिका समजत नाही. मराठी लोकसमजुतीत भुतांची बरीच काटेकोर वर्गवारी आहे. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वासना अडकलेला, पिंडाला वारस नसलेला ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. प्रत्येकाला जागा आहे, मागणी आहे आणि उतारा आहे. नारायणराव यांतल्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. ते विवाहित होते, म्हणून मुंजा नव्हेत. मरणोत्तर का होईना, मुलगा झाला आणि तो पेशवेपदावर बसला. म्हणजे श्राद्धाला वारस नाही असेही नाही. वाड्यातले भूत कोणाला धरत नाही, काही मागत नाही, त्याला नारळ-कोंबडे लागत नाही. ते फक्त एक वाक्य बोलते. खेड्यातल्या जाणत्या म्हाताऱ्याला विचारले तर तो याला भूत म्हणायलाच तयार होणार नाही.

जुनी समजूत निराळी होती, आणि ती आपल्या माळव्याला चाटून जाते. धर्मशास्त्राच्या आणि लोकांच्याही कल्पनेत ब्रह्महत्या जागेला चिकटत नाही, ती हत्या करणाऱ्याच्या आणि त्याच्या वंशाच्या पाठीशी लागते. पुण्याहून निघालेल्या राघोबादादांच्या कुटुंबाने धारच्या पवारांकडे आसरा घेतला होता. तेथे, इंदूरपासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर, १० जानेवारी १७७५ रोजी आनंदीबाईंना मुलगा झाला. तोच दुसरा बाजीराव, शेवटचा पेशवा. या बाजीरावांना नारायणरावांच्या पिशाच्चाची बाधा होती, आणि ती टळावी म्हणून त्यांनी दानधर्म केला, आंब्याची असंख्य झाडे लावली, असे परंपरेने सांगितले जाते. पेशवेपदावर असतानाही त्यांचा मुक्काम बराचसा विश्रामबागवाड्यात असे. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल, ते सांगायला नको. १८१८मध्ये राज्य सोडून ते वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला गेले आणि १८५१मध्ये तेथेच वारले. या जुन्या कथेत भूत माणसाबरोबर प्रवास करते. ते धारला जन्मलेल्या माणसाला पुण्यात गाठते आणि हव्या त्या गावी त्याच्यामागे जाऊ शकते. अपराध कोणाचा, याविषयी या कथेला शंका नाही.

बिठूरची शाखा संपली, वाडा जळला, आणि भूत मागे राहिलेल्या भिंतींत स्थिरावले. माझ्या मते हा बदल साधा नाही. माणसाला झपाटणारे भूत त्या माणसाला जाब विचारत असते. वास्तूला झपाटणारे भूत कोणालाच जाब विचारत नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसती भीती घालते. पहिल्या कथेत राघोबादादांच्या घराचा दोष होता. दुसरीत वाड्याचा ‘वाईट इतिहास’ आहे.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘काका, मला वाचवा’. पेशव्यांच्या घरात रघुनाथराव ‘दादासाहेब’ होते. त्या काळच्या पत्रांत त्यांचा उल्लेख याच नावाने येतो, आणि आजही आपण ‘राघोबाकाका’ म्हणत नाही, ‘राघोबादादा’ म्हणतो. ज्या घरात सारे दादासाहेब म्हणत, त्या घरातल्या पुतण्याच्या तोंडी प्राणांतिक क्षणी ‘दादा’ येणे अधिक संभवते. पण रंगभूमीवरचा प्रेक्षक ‘दादा’ ऐकून भाऊ समजला असता. ‘काका’ म्हटले की नाते एका शब्दात उघडे होते आणि विश्वासघाताची खोलीही कळते. शिवाय ‘वाचवा’ हे आदरार्थी रूप : मरतानाही पुतण्या वडीलधाऱ्याशी अदबीने बोलतो. विनवणी केली गेली, हे इतिहासाला मान्य आहे. हे तीन शब्द मात्र ज्याला श्रोत्यांची जाण आहे अशा कोणाच्या तरी कानातून आलेले दिसतात. ते वृत्तान्ताचे वाक्य नाही, संवादाचे आहे.

आणि मराठी रंगभूमीने हा प्रसंग किती लवकर उचलला, ते पाहण्यासारखे आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१चे. पौराणिक आख्यानांच्या जोडीने जे गद्य ‘फार्स’ होत, त्यांत नारायणरावांच्या वधाचा फार्स प्रसिद्ध होता. (तेव्हा फार्स म्हणजे हसवणारी नाटुकलीच असे नव्हे. गाण्यांचा आणि सूत्रधाराचा पसारा नसलेला गद्य खेळ, एवढाच अर्थ पुष्कळदा असे. विद्यार्थी ‘खुनाचा फार्स’ वाचून हसतात, म्हणून हे सांगितलेले बरे.) १९०९मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ आले, १९४४मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट. तीन-चार पिढ्यांनी हा खून जवळजवळ ‘पाहिला’ आहे. शनिवारवाड्यातले भूत पिंपळावरून उतरलेले नाही, ते रंगमंचावरून आलेले आहे, असे म्हणण्यास जागा आहे. म्हणूनच त्याला उतारा ठाऊक नाही आणि स्वतःचे वाक्य मात्र पाठ आहे.

दुसरे वाक्य बोललेले नाही, लिहिलेले आहे : ‘नारायणरावास धरावे’. राघोबादादांनी पुतण्याला धरण्याचा लेखी हुकूम दिला आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही कथा. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात ती नोंदवली. राघोबांनी रामशास्त्र्यांपुढे धरण्याच्या हुकमाची कबुली दिली, मूळ कागद शास्त्र्यांच्या हाती आला, त्यात शब्द बदललेला होता, आणि हा बदल आनंदीबाईंचा असे सगळे मानतात, असा त्याच्या कथनाचा आशय आहे. शेवटचा भाग नीट वाचावा. ‘सगळे मानतात’ हा पुरावा नव्हे, आणि तो कागद आज कोणत्याही दप्तरात उपलब्ध नाही. या ग्रंथाचे डेव्हिड केपन यांनी बाबा साने यांच्या साहाय्याने केलेले भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने निघाले आणि शाळांतून वाचले गेले. लोकप्रवाद इंग्रजी ग्रंथात गेला आणि ‘बखर’ होऊन, छापील अधिकार घेऊन परत आला. नाटककार कीर्तन्यांचे बंधू नीळकंठ जनार्दन यांनी डफच्या ग्रंथावर टीका लिहून मराठी इतिहाससंशोधनाला वळण लावले. पुढे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत असताना गोविंद सखाराम सरदेसायांनी ‘मराठी रियासत’ लिहायला घेतली. साधनांवर बोट ठेवून बोलण्याची सवय आपल्याला या मंडळींनी लावली. तरीही ‘ध’चा ‘मा’ वर्गात आजही निःशंकपणे सांगितला जातो.

या शब्दाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘धरावे’ हे विध्यर्थी रूप, जुन्या दप्तरी मराठीचे आवडते. ‘सदरहूस पैका द्यावा’, ‘अमक्यास ताकीद करावी’ : हुकूम असा सुटतो. ‘नारायणरावास धरावे’ हा भावे प्रयोग. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नाही, कर्माप्रमाणेही नाही. कर्ता तर वाक्यात नाहीच. कोणी धरावे, कोणी सांगितले, धरल्यावर प्रतिकार झाला तर काय करावे, सगळे अध्याहृत. सशस्त्र, पगार थकलेल्या, चिडलेल्या माणसांना राज्याच्या धन्यास ‘धरावे’ असे लिहून देणाऱ्याला पुढे काय घडेल ते कळत नव्हते, हे मानणे कठीण आहे. ‘ध’ तसाच राहिला असता तरी तो हुकूम निर्दोष ठरत नाही. पण कथेचे सगळे लक्ष एका अक्षरावर खिळते, आणि उरलेली दोन अक्षरे, ‘रावे’, ज्यांत सगळी जबाबदारी लपलेली आहे, ती कोणी पाहत नाही. अक्षर बदलणारी बाई खलनायिका होते. वाक्य लिहिणारा पुरुष दुबळा, बायकोच्या मुठीतला, जवळपास कीव करावी असा होतो. रामशास्त्र्यांनी मात्र प्रायश्चित्त राघोबादादांना सांगितले होते, अक्षराला नव्हे. आनंदीबाई निर्दोष होत्या, असा माझा दावा नाही. कटाची माहिती त्यांना असणे संभवनीय आहे. संभवनीय आणि सिद्ध यांतले अंतर कथा एका उडीत ओलांडते, एवढेच. १७९४मध्ये त्या वारल्या. त्यांच्या बाजूचे एकही वाक्य लोकांच्या तोंडी राहिले नाही.

‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराचे पुढचे आयुष्यही बोलके आहे. मुळात तो हेतुपुरस्सर फेरफारासाठी : अमक्याने ‘ध’चा ‘मा’ केला. हल्ली छापखान्यातली चूक, संगणकावरची टंकनातली गफलत, ऐकण्यातली गल्लत, या सगळ्यांना ‘ध चा मा झाला’ म्हणतात. ‘केला’ जाऊन ‘झाला’ आले, आणि पुन्हा एकदा कर्ता वाक्याबाहेर गेला. ‘काका, मला वाचवा’चे तर विनोदात रूपांतर झाले आहे. चुलत्या-पुतण्यांचे कुठलेही भांडण निघाले, मग ते घरातले असो की राजकारणातले, की कोणीतरी ते म्हणतोच. भाषा असे करतेच, त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. वाक्प्रचार शिकवताना वर्गात दहा मिनिटे जास्त घ्यावीत, एवढे शिक्षकाच्या हातात असते.

वाड्यात मरण पावलेले पेशवे नारायणराव एकटेच नव्हेत. त्यांचे पुत्र सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५मध्ये वाड्यातल्याच सज्जातून कारंज्यावर कोसळले आणि दोन दिवसांनी, एकविसाव्या वर्षी, गेले. अपघात की आत्मघात, हा वाद अजून चालतो. गूढ मृत्यूला लागणारी सगळी सामग्री तेथे आहे : तरुण वय, नाना फडणिसांचा धाक, न उलगडलेले कारण. तरीही सवाई माधवरावांचे भूत कोणी पाहत नाही. मरताना ते काय बोलले, याचे कोणी रचलेले वाक्य आपल्याकडे नाही, हे त्याचे कारण असावे.

आणि त्या सोमवारी दुपारी मेलेले फक्त नारायणराव नव्हते. इतिहासकारांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे अकरा माणसे मारली गेली : सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक, दोन दासी. शिवाय एक गाय, गणपतीच्या दिवसांत. दासींची नावे सांगणारी गोष्ट माझ्या ऐकण्यात नाही. चापाजी टिळेकराचे नाव उरले आहे. मालकावर आडवे पडताना तो काहीतरी म्हणाला असेलच.